गोलातली फुली

परवा दुपारी जेवून जरा आडवी झाले, तोच भाचीचा मेसेज. ‘मावशी, पुन्हा स्पर्धा लागलीय. आठवड्यात कोण जुन्या कागदांवरच्या जास्त नोंदी संगणकात उतरवतंय बघायचं. उतरणार का?’ तिकडं ओहायोत पहाटेचे साडेचार. म्हणजे पोरगी रात्रभर जागीच.

हे खूळ तिनंच लावलं, 2012 साली. अमेरिकेत जनगणनेचे कागद 72 वर्षं कुलपात असतात. 1940 ची गणना त्या वर्षी 2 एप्रिलला खुली झाली, आणि 13 कोटींवर नावं संगणकात उतरवायला दीड लाखावर माणसं फुकटात बसली. चार महिन्यांत फडशा! त्यातली एक मी, कोल्हापुरात राजारामपुरीत पंख्याखाली. पानावर 40 ओळी. तेच पान दोघांकडं जायचं, आणि दोघांचं जुळलं नाही की तिसरा निवाडा करायचा. भाचीची दिवसाला 25 पानं व्हायची, माझी तीन.

माझी खोड अशी, की नाव मोठ्यानं म्हटल्याशिवाय पुढची ओळ घेववत नाही. मोडी शिकताना लागलेली. मोडीत आधी रेघ ओढायची, मग तिला अक्षरं टांगायची, हात उचलायचा नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा तर पत्ताच नाही. शब्द तोंडात घोळवला तरच लागतो. त्यामुळं पोलंडहून आलेल्या लोकांची आडनावं मी भरदुपारी घरात ओरडत बसायची. ह्यांना वाटायचं, कुणाला तरी रागावतेय.

कागलकडं आमच्या गावी सुगी संपली की घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवणारा हेळवी यायचा. बैलावरून खाली उतरायचा नाही. हेळव म्हणजे कन्नडात लंगडा. पण त्याचे दोन्ही पाय धड होते, मी निरखून बघितलेत. बैलाची घंटा वाजली की आजी सुपात जोंधळे घेऊन उंबऱ्यात. मग लाल फडक्यातली चोपडी सुटायची आणि आमच्या आठ पिढ्या एका सुरात बाहेर पडायच्या. कोण कुठल्या गावाहून उठून आला, कुणाला किती ल्योक. मध्येच आजी त्याला अडवायची, “धाकटा न्हवं, मधला. धाकटा पटकीत गेला.” तो मान हलवून दुरुस्ती करायचा. एका साली भाऊ सहा महिन्यांचा होता. त्याचं नाव लगेच चढलं. मी नऊ वर्षांची, बैलाच्या शिंगाशी उभी.

“माझं?”

“लेकीचं नाव सासरच्या चोपडीत, बाई.”

“जा, बैलाला पेंड घाल,” आजी म्हणाली. मी घातली. सासरी आले तर ही मंडळी मूळची कोकणातली, त्यांच्याकडं हेळवी येतच नाही. झालं!

त्या 1940 च्या कागदांवर मात्र घरातलं झाडून सगळं माणूस असायचं. बायको, लेकी, म्हातारी सासू, वरच्या खोलीतला भाडेकरूसुद्धा. आणि गणनेवाल्याला ज्यानं माहिती दिली, त्याच्या नावाशी गोलात एक बारकी फुली. माझ्या वाट्याच्या पानांवर ती बहुतेकदा बाईच्याच नावाशी दिसायची. मी तिथंच अडायची. चुलीवर काय ठेवून आली असेल ही दारात? हात ओले असतील का? नवऱ्याचं वय सांगताना क्षणभर अडखळली असेल का? अशानं कुठली पानं सरतायत. शेवटी भाची म्हणाली, “मावशी, वाचू नकोस गं, नुसतं टाइप कर.”

परवा तिला उत्तर धाडलं, ‘उतरतो, पण हरणार.’ तिच्या अमेरिकेत जन्मलेल्या लेकीला म्हणे अजून प्रश्न पडतो, आजी ‘उतरतो’ का म्हणते.

मग झोप काही आली नाही. चोपडीतली आठ पिढ्यांतली पुरुषांची नावं मला अजून घडाघडा येतात. आजीचं नाव तानूबाई. तिच्या आईचं काय होतं, ते मी कधी विचारलंच नाही.