दादर ते पोचमपल्ली: इकतची साडी घ्यायला जाताना

सीएसएमटीहून रात्री सुटणारी हुसेनसागर एक्सप्रेस सोयीची. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आसपास हैदराबाद येतं. तसंच पुढे पळू नका. पोचमपल्ली साधारण ४५ किलोमीटरवर असली तरी पोचेपर्यंत उन्हं उतरतात, आणि साडीचा रंग ट्यूबलाइटखाली पारखता येत नाही. मेट्रो एल. बी. नगरपर्यंत जाते, मुक्काम त्या बाजूला करा आणि सकाळी लवकर निघा. गाडीने जाणाऱ्यांना सोपं आहे: पुणे-सोलापूर-हैदराबाद हा ६५ क्रमांकाचा महामार्गच पुढे विजयवाड्याकडे जातो. चौटुप्पलच्या अलीकडे डावीकडे वळायचं.

पावसाळा टाळा. माग खड्ड्यातले असतात. विणकर खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबतो. ओल चढली की ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, ताण बदलतो, रंगवलेलं सूत वाळत नाही आणि कामं खोळंबतात.

गावात शिरताच दुकानं लागतात. तिथे सगळ्यात शेवटी जा. इकतमध्ये नक्षी मागावर तयार होत नाही, मागावर येण्याआधीच ती सुतात बांधून रंगवलेली असते. त्यामुळे फक्त माग बघून परतलेल्याने निम्मी गोष्टसुद्धा बघितलेली नसते.

आधी आसू बघा, म्हणजे बाण्याचं (आडव्या धाग्याचं) सूत रंगवण्याआधी खुंट्यांवर गुंडाळणं. एका टोकाला एक खुंटी, समोर अर्धवर्तुळात खुंट्यांची ओळ. धागा एका खुंटीवरून दुसऱ्या बाजूला वळसा घालत न्यायचा आणि परत आणायचा. एका साडीच्या बाण्यासाठी हात सुमारे ९,००० वेळा पुढे-मागे होतो, चार-पाच तास जातात. हे काम घरच्या बाईकडे, आणि खांदा तिचाच जातो. चिंतकिंदी मल्लेशम यांनी आईचे हाल बघून १९९९ मध्ये यासाठी यंत्र बनवलं. तेच काम दीड तासावर आलं. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. यंत्रावर आसू झालं म्हणून साडी ‘मशीनची’ होत नाही, हे घासाघीस करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

मग बांधणं. ताणून धरलेल्या सुतावर नक्षीच्या खुणा करतात आणि जिथे रंग नको तिथे रबराच्या पट्ट्या करकचून गुंडाळतात. पट्ट्या बहुधा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या. फिका रंग आधी, गडद नंतर. प्रत्येक रंगाला पुन्हा बांधणं, बुडवणं, वाळवणं, सोडणं. गाठ सैल राहिली तर रंग आत झिरपतो आणि पांढऱ्या ठिपक्याचा मळकट डाग होतो. घेताना पांढरा भाग आधी बघायचा तो यासाठी.

मागावर एक गोष्ट टिपा. बाण्यात नक्षी असेल तर दर धोट्याला धागा इकडेतिकडे सरकवून जुळवावा लागतो, उरलेली ढील काठाशी बारीक फासा होऊन राहते. तो दोष समजू नका. नक्षीच्या कडा किंचित विस्कटलेल्या, पिसासारख्या दिसतात त्याही तशाच. कडा सुरीने कापल्यासारख्या असतील तर मात्र शंका घ्या.

छापील साडी ओळखायला पदराच्या टोकाचा एक धागा ओढून काढा. इकतचा धागा रंग बदलत जातो, पण रंग धाग्याच्या आरपार असतो. छापील कापडात दुसऱ्या धाग्याखाली दडलेला भाग फिका राहतो, म्हणून धागा ठिपक्याठिपक्यांचा निघतो. नुसती उलटी बाजू बघून ठरवू नका, हल्ली दोन्ही बाजूंनी छापतात.

लेबलांचीही गल्लत होते. सिल्क मार्क फक्त रेशीम शुद्ध असल्याचं सांगतो. साडी हातमागाची की यंत्रमागाची, हे नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा. दोन्ही मागा.

पोचमपल्लीत बहुतेक माल एकेरी इकतचा, भौमितिक नक्षीचा. ताणा आणि बाणा दोन्ही बांधून रंगवलेलं दुहेरी काम हवं तर पुट्टपाका या गावी जा. तेलिया रुमालाचं काम तिथलं: सुताला तेल आणि एरंडाच्या बोंडांच्या राखेचं पाणी मुरवतात, रंग लाल, काळा, पांढरा. नव्या कापडाला तेलाचा वास येतो, तो असायलाच हवा. दुहेरी म्हणून कोणी गुजरातेतल्या पाटणचा पटोला स्वस्तात देऊ लागला तर हसून पुढे व्हा. तो लाखांच्या घरात जातो, आणि बाजारात पटोला म्हणून दिसतो तो पुष्कळदा राजकोटचा एकेरी असतो.

दुपारी तासभर उरला तर विनोबांच्या स्मारकाशी जाऊन या. पेण तालुक्यातल्या गागोद्याच्या या माणसाला १८ एप्रिल १९५१ रोजी इथेच १०० एकरांचं पहिलं भूदान मिळालं, म्हणून गावाचं नाव भूदान पोचमपल्ली.

घरी आल्यावर: सुती साडी पहिले दोन-तीन वेळा वेगळी, गार पाण्यात, न भिजवत ठेवता धुवा आणि सावलीत वाळवा. मिठाच्या पाण्याने कच्चा रंग पक्का होत नाही. रेशमी साडी ड्रायक्लीनला द्या. मुंबईच्या दमट हवेत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलीत तर बुरशी धरते. मलमलीत गुंडाळा, डांबरगोळी कापडाला टेकू देऊ नका, आणि दर तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घाला, नाहीतर रेशीम घडीवरच विरतं.