वरची बाजू

त्या दिवशी सकाळी साडेदहाला मी रिपोर्टात ‘नुकसान?’ असं लिहिलं, आणि मग शहाणपणा करून प्रश्नचिन्ह खोडलं. पुढचा सगळा घोळ त्या खोडण्यातून झाला.

माझं काम चित्रांचे कंडिशन रिपोर्ट लिहिण्याचं. उसनं आणलेलं चित्र पेटीतून निघालं की भिंतीवर जाण्याआधी माझ्या टेबलावर येतं. कुठे ओरखडा, कुठे पोपडा, कॅनव्हास कुठे सैल, मागच्या लाकडाला वाळवी तर नाही ना, हे सगळं लिहायचं, फोटो काढायचे आणि मालकाच्या घरून निघताना केलेल्या रिपोर्टशी ताडून बघायचं. नवरीचे दागिने मोजून घेण्यासारखंच काम, फक्त इथे परतही मोजूनच द्यायचे असतात.

प्रदर्शन वासुदेव गायतोंडे यांचं होतं, त्यांच्या सगळ्या कालखंडांतली कामं एकत्र आणणारं. म्हणजे नागपुरात जन्मलेला, गिरगावातल्या चाळीत वाढलेला, १९४८ साली जेजेतून डिप्लोमा घेऊन बाहेर पडलेला मुलगा आधी माणसं काढतो, मग हळूहळू माणसं, आकार, सगळंच सोडत जातो, आणि १९७२ला दिल्लीला निजामुद्दीनला राहायला गेल्यावर जवळजवळ नुसता उजेडच रंगवतो, हे एका फेरीत दिसावं अशी मांडणी. आयुष्यभरात त्यांनी चित्रं फार कमी केली. वर्षाला पाच-सहा. त्यामुळे उसनी मिळवतानाच दमछाक होते. २०१३च्या डिसेंबरात मुंबईतल्या लिलावात त्यांचं एक चित्र तेवीस कोटी सत्तर लाखांना गेलं. तेव्हापासून तर घरोघरच्या गायतोंड्यांना जणू ताप भरला आहे. चित्राकडे बघताना लोक आधी आकडा बघतात. मीही बघते, खोटं कशाला सांगू.

चित्र शिवाजी पार्कच्या एका बाईंचं होतं. त्यांच्या दिवंगत डॉक्टर नवऱ्याने घेतलेलं. उभा कॅनव्हास, पाठीमागे सही आणि १९७३. करड्या-हिरव्याचं पातळ धुकं, आणि एका टोकाला ते दाट होत जवळजवळ काळं झालेलं. पेटी चोवीस तास एसीत तशीच ठेवून मग उघडली. मागे टांगायची जुनी पितळी तार होती, पण ती खालच्या पट्टीला बसवलेली. मी लिहिलं, ‘तार खालच्या पट्टीवर, काढली.’ विचित्र वाटलं, पण घरगुती टांगणीत काहीही बघायला मिळतं. एकदा तर सुतळीवर लटकलेला हुसेन बघितला आहे.

मग खोलीतले दिवे बंद करून टॉर्च कॅनव्हासला जवळजवळ टेकवून बाजूने धरला. समोरून जे सपाट धुकं दिसतं ते असं बाजूने उजेड टाकला की घाटासारखं उठतं. खड्डे, उंचवटे, सुरीचे फटकारे. आणि खाली डावीकडे कडेपासून वीतभर आत एक चार इंची उभी रेघ, वर उचललेली. बाटलीवरच्या लेबलाची कड सुटावी तशी. निघतानाच्या रिपोर्टात तिचा पत्ता नाही, त्या फोटोतही नाही. ते समोरून फ्लॅश मारून काढलेले, त्यात दिसणार काय?

मला लेन्स घेऊन बघायला हवं होतं. पण आकडा डोक्यात बसलेला. मी फोटो काढला, प्रश्नचिन्ह खोडलं आणि मेल पाठवला.

अकराला वाहतुकीचा सुपरवायझर दारात. “मॅडम, पेटी सीलबंद घेतली, सीलबंद दिली. माझ्या पोरांवर घालू नका.” पोरं मागे उभी, हातात अजून मोजे. साडेअकराला विमावाल्यांचा फोन. बाराला खुद्द बाई. “अगं, इतकी वर्षं भिंतीवर होतं, कधी खरचटलं नाही. तुमच्याकडे एक दिवस काय आलं…” मी हो हो म्हणत राहिले.

दोनच्या सुमारास आमचे सर आले. चाळीस वर्षं चित्रांची डागडुजी करणारा माणूस. त्यांनी काही न बोलता लेन्स डोळ्याला लावली आणि पाच मिनिटं रेघेवरून हलले नाहीत.

“तडा नवा असला तर काय दिसतं?”

“कडा स्वच्छ. आतलं पांढरं अस्तर.”

“दिसतंय?”

मी वाकले. नव्हतं. रंग उंचवट्यावरून सलग पलीकडे उतरला होता, कुठे तुटला नव्हता. त्यावर बारीक, जुना मळ साचलेला. अतिनील दिव्याखाली मागाहून कुणी हात फिरवल्याचा डागही नाही. गायतोंडे रोलरने आणि सुरीने रंग चढवायचे, उतरवायचे. रंग लावलेले कागदाचे कपटे कॅनव्हासवर दाबून उचलायचे. अशाच एखाद्या कपट्याची कड ओल्या रंगात राहिली होती. म्हणजे मी त्यांच्या हाताला नुकसान म्हटलं होतं.

आता हे कळणं वेगळं आणि विमावाल्यांना पटणं वेगळं. त्यांना रेघ आधीपासून होती याचा पुरावा हवा होता. बाईंना विचारलं, घरचे जुने फोटो आहेत? तासाभराने त्यांच्या नातवाने व्हॉट्सॲपवर एक पाठवला. १९८१, बारसं. फुलांनी मढवलेला पाळणा, नऊवारीतली एक आजी डोळे मिटून, आणि मागे भिंतीवर चित्र. उजवीकडच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन थेट बाजूने कॅनव्हासवर आलेलं. माझा टॉर्चच जणू. मी खाली डावीकडे मोठं करून बघितलं. काही नाही. परत बघितलं. गुळगुळीत.

टांगणीचे काका माझ्या खांद्यावरून बघत होते. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि उलटा धरला.

“रेघ आहे की. चित्र उलटं लावलंय.”

पाळणा छताला लागला होता, आजी डोक्यावर उभी, आणि खाली डावीकडे चार इंचांची सावली. तार खालच्या पट्टीला का होती, तेही तेव्हाच उलगडलं. आम्ही सहीवरून दिशा ठरवली होती. बाईंच्या घरी पहिल्या दिवसापासून ते दुसऱ्या टोकाने लटकत होतं.

रिपोर्ट बदलला, सुपरवायझरला चहा पाजला, माफी मागितली. मोजे काढताना पोरांतला एक हसला, तेवढ्यानेच बरं वाटलं. बाईंना सांगायचं काम सरांनी माझ्यावर सोडलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “खिळा ह्यांनीच ठोकला होता.”

उद्घाटनाला त्या आल्या. गर्दी पांगल्यावर चित्रासमोरच्या बाकावर बराच वेळ बसल्या. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

“हा काळोख आमच्याकडे वर होता,” त्या म्हणाल्या. “मुलं त्याला पावसाचं आभाळ म्हणायची. आता खाली आलाय तर चिखल वाटतो.”

आपली चित्रं कशाचीही नसतात असं गायतोंडे म्हणत. अमूर्त हा शब्दसुद्धा त्यांना नको असे, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणा म्हणायचे. हे त्या क्षणी माझ्या अगदी तोंडावर आलं होतं. नाही बोलले.

प्रदर्शन संपल्यावर चित्र परत पोचवायला काका आणि मी गेलो. भिंतीवर जुनाच खिळा आणि भोवती चित्राच्या मापाचा फिकट रंगाचा चौकोन. परतीचा रिपोर्ट लिहिला. त्यात ‘वरची बाजू’ असा एक रकाना असतो. मी सहीप्रमाणे बाण काढला आणि बाईंची सही घेतली. त्यांनी चष्मा लावून बाण नीट बघितला, सही केली आणि काकांना म्हणाल्या, “तुम्ही तार कुठे लावताय?”

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी कागद फाइलमध्ये घालत होते. त्यांनी तार जुन्याच भोकांत बसवली.