कियांतीत खासगी वाइन टूर घेताय? तिसरी वाइनरी नको म्हणून सांगा, आणि टेस्टिंगचे पैसे कोण भरणार ते लिहून घ्या

इटलीत फ्लोरेन्सहून खासगी गाडी करून कियांतीला वाइन टेस्टिंगला जायचं डोक्यात असेल तर पैसे भरायच्या आधी हे वाचा. आम्ही सप्टेंबरच्या शेवटी जाऊन आलो, मी, बायको, मोठा दादा आणि वहिनी. गाडीचे चौघांचे मिळून ४८० युरो आधीच ऑनलाइन भरलेले, आणि जाहिरातीत स्वच्छ लिहिलेलं की तीन वाइनरी, टेस्टिंग, जेवण, हॉटेलपासून हॉटेलपर्यंत. संध्याकाळी हॉटेलवर उतरलो तेव्हा एकूण ८२० युरो गेले होते. वरचे ३४० कुठे गेले ते सविस्तर लिहितो कारण पुढच्या माणसाला हे कोणीतरी सांगायला हवं, आम्हाला कोणी सांगितलं नाही.

फ्लोरेन्समधले आधीचे दिवस उत्तम गेले, त्यावर भरपूर लोकांनी लिहिलंय, मी लिहीत नाही.

आधी कुठे जायचं ते नीट बघा. कियांती क्लासिको म्हणजे फ्लोरेन्स आणि सिएना यांच्या मधला डोंगराळ पट्टा, १७१६ मध्ये तिथल्या ग्रँड ड्यूकने, कोझिमो तिसरा मेदिची याने, फर्मान काढून या भागाची हद्द ठरवून दिली होती. आज त्या वाइनच्या बाटलीवर काळ्या कोंबड्याचा शिक्का असतो. नुसतं कियांती लिहिलेली बाटली वेगळी, ती टस्कनीच्या (फ्लोरेन्स, सिएना ज्यात येतात तो प्रांत) बऱ्याच मोठ्या भागातून येते आणि साधारण स्वस्त असते. काही स्वस्त टूर त्या बाहेरच्या भागात नेतात आणि नाव मात्र कियांतीचंच लावतात, त्यामुळे गावांची नावं विचारा: ग्रेव्हे, पांझानो, कास्तेल्लिना, राद्दा, गायोले. यातलं एकही नाव कार्यक्रमात नसेल तर ती टूर सोडून द्या.

आणि रस्ता विचारा. एस आर २२२ नावाचा जुना रस्ता, त्याला कियांतिजाना म्हणतात, तो ग्रेव्हे, पांझानो, कास्तेल्लिना करत सिएनाला जातो, सगळं बघण्यासारखं त्याच्यावर आहे. आमच्या ड्रायव्हरने सकाळी वेळ वाचवायला म्हणून सिएनाचा चारपदरी रस्ता धरला, ज्याच्यावरून दिसतं काय तर ट्रक. जाहिरातीत फोटो कियांतिजानाचे. निदान जाताना कियांतिजानानेच न्या असं बुकिंग करतानाच लिहा, परत येताना चारपदरी चालेल कारण तोवर सगळे दमलेले असतात. ज्यांना घाटात गाडी लागते त्यांनी गोळी घेऊनच बसा आणि पुढची सीट मागा, वळणं संपतच नाहीत.

पहिली वाइनरी ग्रेव्हेच्या जवळ. ठीक होती. तळघर, मोठी लाकडी पिंपं, चार वाइन, सोबत ब्रेड. तिथल्या मुलीने काळ्या कोंबड्याची दंतकथा छान सांगितली, की फ्लोरेन्स आणि सिएनाने हद्दीचं भांडण मिटवायला ठरवलं, कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक घोडेस्वार निघेल आणि ते जिथे भेटतील तिथे सीमा. फ्लोरेन्सवाल्यांनी आपला काळा कोंबडा उपाशी ठेवला, तो पहाटेच्या कितीतरी आधी आरवला, आणि त्यांचा स्वार फोंतेरुतोलीपर्यंत म्हणजे जवळजवळ सिएनाच्या दारात पोचला. एवढं ऐकून पुढे निघालो.

दुसरी वाइनरी पांझानोजवळची, एका कुटुंबाची, छोटी. याच्यासाठी एवढा सगळा खर्च केला असं म्हटलं तरी चालेल. दादाची निफाडला द्राक्षबाग आहे, त्यामुळे तो पिंपांकडे बघायलाच तयार नव्हता, त्याला मळ्यात जायचं होतं, आणि तिथल्या काकांनी ते ओळखलं, टेस्टिंग राहू दे म्हणाले आणि आधी सगळ्यांना उतारावर घेऊन गेले. जमीन म्हणजे नुसता दगड. एक गालेस्त्रो, हातात घेतला की पापुद्र्यासारखा सुटतो, आणि दुसरा आल्बेरेसे, कडक चुनखडीचा. त्यात सांजोव्हेझेच्या (ज्या काळ्या द्राक्षापासून कियांती करतात ती जात) वेली, तारेवर सरळ ओळीत, कमरेएवढ्या उंचीवर घड. मांडव नाही, ठिबक नाही, पाण्याचा फारच ताण पडला तरच पाणी द्यायचं असा तिथला नियम. दादाने पहिला प्रश्न विचारला, एकरी किती निघतं? काकांनी हेक्टरचा आकडा सांगितला, नियमाने जास्तीत जास्त साडेसात टन, म्हणजे आपले एकरी तीन टन. दादा खालीच बसला. खायच्या द्राक्षाला आपल्याकडे याच्या कितीतरी पट काढतात आणि तरी भाव मिळेल का याची धास्ती. इथे जुलै-ऑगस्टमध्ये चांगले हिरवे घड मुद्दाम कापून टाकतात, उरलेल्यात रस घट्ट व्हावा म्हणून. मग आपल्याकडे वर्षात दोन छाटण्या असतात, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी, हे दादाने सांगितलं तेव्हा काकांचा विश्वास बसेना, कारण त्यांची वेल हिवाळ्यात झोपते आणि वर्षात एकदाच छाटतात. त्यात अकलूजला एका वाइनरीत टस्कनीच्याच वाइनमेकरबरोबर सांजोव्हेझे लावलीय आणि आपली तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते हे ऐकल्यावर तर त्यांनी बायकोला हाक मारून बोलावलं. मी भाषांतर करत होतो, ड्रायव्हर गाडीत झोपला होता. (ड्रायव्हर म्हणजे गाइड नव्हे, हे पण लक्षात ठेवा, त्याचं लायसन गाडी चालवण्याचं असतं. माहिती सांगणारा हवा असेल तर वेगळा मागा.)

वाइनबद्दल मला जे कळलं ते असं. साधी कियांती क्लासिको निदान १२ महिने मुरवतात, रिझेर्वा २४, आणि सगळ्यात वरची ग्रान सेलेत्सियोने ३०. सांजोव्हेझे किमान ८० टक्के हवीच. किंमत चढत जाते, पण मला तरी जेवणाबरोबर साधीच सगळ्यात आवडली, आंबट-तुरट, टोमॅटोच्या पदार्थाबरोबर अगदी जुळते. ग्रान सेलेत्सियोने पहिल्या घोटाला भारी वाटते आणि अर्ध्या ग्लासात पुरे होते. महागडी बाटली घ्यायच्या आधी दोन्ही शेजारी शेजारी ओतून मागा, कोणी नाही म्हणत नाही.

जेवण तिथेच. वहिनी शाकाहारी, त्यांच्यासाठी काकूंनी पापा आल पोमोदोरो केलं, शिळा ब्रेड आणि टोमॅटो शिजवून केलेलं, वर कच्चं ऑलिव्ह ऑइल, शिवाय पांढरे घेवडे आणि सॅलड. वहिनींनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. टस्कनीचा ब्रेड बिनमिठाचा असतो, तो तसाच असतो, तक्रार करू नका. चीजमध्ये बहुतेक वेळा प्राण्यांचं रेनेट (दूध घट्ट व्हायला घालतात ते, वासराच्या पोटातून काढलेलं) असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी आधी सांगा. वहिनींना इथे द्राक्षाचा रस दिला आणि त्यांच्या नावावर टेस्टिंगचे पैसे लावले नाहीत. हे मी मुद्दाम लिहितोय.

कारण आता तिसरी.

जेवून तीन वाजता निघालो, खरं तर तेव्हाच परत फिरायला हवं होतं, सगळ्यांचं पोट भरलेलं, जीभ थकलेली, पण कार्यक्रमात तिसरी होती आणि ड्रायव्हर म्हणाला तीच सगळ्यात प्रसिद्ध आहे. कास्तेल्लिनाच्या पुढे डांबरी रस्ता सोडून पांढऱ्या मातीच्या रस्त्यावर शिरलो, धूळ, खड्डे, वळणं, वहिनींना दोनदा गाडी थांबवायला लावली. पोचलो तर पार्किंगमध्ये मोठ्या बसेस उभ्या. आत लांब टेबलं, प्रत्येक टेबलावर आधीच मांडलेले ग्लास, एक माणूस माइकवर बोलतोय. मळा दाखवला नाही, तळघर काचेतून दाखवलं. सहा वाइन भराभर ओतल्या, चव घ्यायला वेळच नाही, आणि तिसऱ्या ग्लासाबरोबर टेबलावर फॉर्म आले, सहा बाटल्या घ्या, बारा घ्या, घरपोच पाठवतो, क्लबचे मेंबर व्हा. बायकोने विचारलं, भारतात पाठवता? हो हो म्हणाला, फॉर्म भरायला पण लागला. भारतात वाइनवर कस्टम ड्यूटी किती प्रचंड लागते, ती कोण भरणार, माल अडकला तर काय, यावर एक अक्षर नाही. हा फॉर्म कोणीही भरू नका. कितीही गोड बोलले तरी नाही.

मग बिल. माणशी ५५, चौघांचे २२०. मी मोबाइलवर जाहिरात काढून दाखवली, तीन वाइनरी, टेस्टिंग. ते म्हणाले आमचा तुमच्या कंपनीशी काही संबंध नाही. कंपनीला फोन लावला तर ते म्हणाले भेट सामील आहे, तिसऱ्या ठिकाणचं टेस्टिंग ऐच्छिक आहे, अटींमध्ये खाली लिहिलंय. ऐच्छिक होतं तर ओतायच्या आधी विचारायला हवं होतं. बरं, ते पण एक वेळ सोडून देऊ. पण वहिनींनी एकाही ग्लासाला हात लावला नव्हता, सहाच्या सहा भरलेले ग्लास त्यांच्यासमोर तसेच होते, आणि त्यांचे ५५ पूर्ण लावले! का, तर त्या टेबलावर बसल्या. सीटचे पैसे म्हणे. अर्धा तास वाद घातला. पैसे कमी केले नाहीत, त्याऐवजी ऑलिव्ह ऑइलची एक छोटी बाटली पुढे केली. मला आजही त्याचा राग येतो, वाइन न पिणाऱ्या बाईकडून वाइनचे पैसे घेणं याला दुसरं काही म्हणता येत नाही.

आणि या वादात उशीर झाला त्याचे पैसे वेगळे. आठ तासांचं बुकिंग, मी समजत होतो हॉटेलपासून, पण घड्याळ सुरू झालं गाडी त्याच्या गॅरेजमधून निघाली तेव्हा, सकाळी साडेआठला. हॉटेलवर आलो साडेसहाला, म्हणजे दोन तास जास्त, तासाला ६० प्रमाणे १२०. हे पण अटींमध्ये होतं म्हणे.

तर बुकिंगच्या आधी ईमेलवर हे लिहून मागा, फोनवर नको: कुठल्या वाइनरी, नावासकट, प्रत्येक ठिकाणचं टेस्टिंग कोण भरणार, न पिणाऱ्याला किती, घड्याळ कुठून कुठपर्यंत, जास्तीचा तास कितीला. उत्तर गोल गोल आलं तर दुसरा बघा, कियांतीत गाड्यावाल्यांची कमी नाही. आणि दोनच वाइनरी ठेवा. एक सकाळी, एक जेवणासह, मधल्या वेळात ग्रेव्हेच्या तिकोनी चौकात फिरा नाहीतर पांझानोला थांबा. टेबलावर थुंकायचं भांडं ठेवलेलं असतं ते वापरा, त्यात लाज काही नाही, तिथले लोक स्वतः वापरतात, सगळं गिळत गेलं तर दुसऱ्या ठिकाणी काही कळत नाही.

वाइनरींना स्वतः ईमेल केलात तर आणखी बरं. छोटे लोक थेट उत्तर देतात, मग गाडी फक्त ने-आणीपुरती ठरवायची. पैसे वाचवायचे असतील तर फ्लोरेन्सच्या स्टेशनजवळून ग्रेव्हेला बस जाते, तासाभराचा रस्ता, पण रविवारी बस कमी असतात.

स्वतः गाडी चालवू नका. इटलीत रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे, आपल्यापेक्षा सैल वाटते पण दोन ठिकाणच्या आठ वाइनमध्ये ती केव्हा ओलांडली ते कळत नाही, आणि ज्याचं लायसन तीन वर्षांच्या आतलं आहे त्याला शून्य. शिवाय फ्लोरेन्सच्या जुन्या शहरात परवान्याशिवाय गाडी घातली की कॅमेरा फोटो काढतो आणि दंड काही महिन्यांनी भाड्याच्या गाडीच्या कंपनीमार्फत घरी येतो, त्यांची फी वेगळी.

मळ्यात उतार आणि सुटा दगड आहे, बूट घाला. ऑगस्टच्या मध्याला सुट्ट्यांमुळे बऱ्याच छोट्या वाइनरी बंद असतात, तेव्हा नकोच. तोडणी सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, मळा बघायचा असेल तर तेव्हाच जा, पण आधी कळवा कारण घरातले सगळे कामात असतात.

बाटल्या दुसऱ्या वाइनरीतूनच घ्या, हातात घेऊन या. केबिनमध्ये नेऊ नका, चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळा, आमची एकही फुटली नाही. भारतात येताना माणशी दोन लिटरपर्यंत ड्यूटी लागत नाही, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या, तिसरीला हद्द ओलांडते. न पिणाऱ्यालाही तेवढीच सूट मिळते, त्यामुळे आम्ही चौघांत मिळून आठ आणल्या.