गिलमॅन अपडेट: जोडकाम संपलं, हिरवा रंग ठरला

तर मंडळी, गिलमॅन एकदाचा स्वतःच्या पायांवर उभा राहिलाय आणि अंगाला रंगही लागलाय, म्हणून सविस्तर लिहितो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, १९५४ च्या 'क्रीचर फ्रॉम द ब्लॅक लगून' मधला तो कल्लेवाला प्राणी, १/६ स्केल (खऱ्या आकाराच्या एक षष्ठांश), रेझिन किट (साच्यात ओतलेले कडक रेझिनचे तुकडे, जोडून रंगवायचे), पाण्यातून खडकावर चढतोय अशी पोझ.

धुणं नेहमीचंच, कोमट पाणी, भांड्याचा साबण आणि जुना टूथब्रश, कारण साच्यातलं रिलीज एजंट (तुकडा साच्याला चिकटू नये म्हणून लावलेला थर) राहिलं की पुढे मास्किंग टेप काढताना प्रायमरसकट रंग सोलून येतो. उजव्या हाताची बोटं वाकडी आली होती, ती गरम पाण्यात बुडवून मऊ झाल्यावर सरळ केली आणि लगेच गार पाण्यात धरली. रेझिन ओलं करूनच घासा आणि मास्क लावा, ती धूळ फुफ्फुसात जायला नको, हे मी दर वेळी लिहिणारच.

खरा वेळ खाल्ला तो मोल्ड लाइनने, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उमटणाऱ्या रेघेने. साध्या कपड्यांची फिगर असती तर पॉलिश पेपरने घासून मोकळं झालो असतो, पण इथे लाइन नेमकी मांडीवरच्या खवल्यांमधून जाते आणि घासली की खवलेच सपाट होतात. म्हणून आधी ब्लेडने हलकं खरवडलं, मग वर एपॉक्सी पुटीचा पातळ थर दिला आणि सुई पाण्यात बुडवून एकेक खवला परत काढला, शेजारच्या खवल्याचा आकार बघत बघत. एम-सील चालतं, पण ते लवकर धरतं आणि जरा भरड वाटतं, अशा बारीक कामाला मॉडेलिंगची पुटी बरी कारण ती बराच वेळ मऊ राहते. प्रायमर मारल्यावर जोड शोधूनही सापडत नाही आणि या किटमधलं मला सगळ्यात आवडलेलं काम हेच.

कंबर आणि घोट्यात २ मिमीची पितळी तार घातली. भोकं समोरासमोर यावीत म्हणून एका बाजूला ओल्या रंगाचा ठिपका द्यायचा, तुकडे दाबायचे, ठिपका पलीकडे उमटतो, तिथेच ड्रिल. प्लास्टिक किटचा सिमेंट रेझिनला विरघळवत नाही त्यामुळे त्याचा इथे उपयोग शून्य, सुपरग्लू किंवा एपॉक्सीच.

आता रंग. सिनेमा ब्लॅक अँड व्हाइट, मग हा होता कुठल्या रंगाचा? तर सूट एकच नव्हता. जमिनीवरच्या सीनमध्ये सूटच्या आत बेन चॅपमन, तो अंगाने चांगलाच उंच, आणि त्याचा सूट शेवाळी हिरवा. पाण्याखाली रिकू ब्राउनिंग, ते शूटिंग फ्लोरिडाच्या वकुला स्प्रिंग्समध्ये, आणि गढूळ अंधाऱ्या पाण्यात उठून दिसावा म्हणून तो सूट पिवळसर रंगवलेला. बरेच जण दोन्हीचं मिश्रण करतात, छान दिसतं, पण माझी फिगर खडकावर पाय रोवून उभी आहे म्हणजे हा चॅपमनचा गिलमॅन आणि मग हिरवाच हवा, यावर मी ठाम आहे.

काळा प्रायमर, वरून तिरका राखाडी स्प्रे, त्यावर गडद ऑलिव्हचे पातळ हात म्हणजे खालचा उजेड-सावली दिसत राहतो. छातीच्या आणि पोटाच्या पट्ट्यांना ऑलिव्हमध्येच थोडा पिवळा. मग ग्लॉस क्लिअर, आणि ते पूर्ण वाळल्यावर बर्न्ट अंबर ऑइल कलर व्हाइट स्पिरिटमध्ये पातळ करून खवल्यांच्या फटींत सोडला, जास्तीचा कापसाच्या काडीने टिपला. शेवटी फिकट हिरव्याचा ड्रायब्रश (जवळपास कोरडा ब्रश उंचवट्यांवरून फिरवणं), तोही फक्त खांदे, पाठीचा पर आणि कल्ल्यांच्या कडांवर. चेहरा पूर्ण ब्रशने केला, कारण ते जाड ओठ आणि खोल डोळे हाच तर गिलमॅन.

चेहरा रंगवताना मिलिसेंट पॅट्रिकची आठवण येतेच. हे डिझाइन मुळात तिचं, पण सिनेमात तिला क्रेडिट नाही, श्रेय वर्षानुवर्षं मेकअप विभागाचा प्रमुख बड वेस्टमोर घेत राहिला. म्हणून माझ्या नेमप्लेटवर सिनेमाच्या नावाखाली तिचं नाव असणार, पितळी पट्टीवर कोरून. ही किट करणाऱ्या प्रत्येकाने हे करावं असं मला मनापासून वाटतं.

ओलेपणाबद्दल, पूर्ण अंगावर ग्लॉस मारला की खेळण्यासारखं चकाकतं. मी सगळीकडे सॅटिन (अर्धवट चमक) ठेवणार आणि ग्लॉस फक्त डोळे, ओठ, कल्ले आणि गुडघ्याखाली. पण सध्या हवा इतकी दमट आहे की लॅकर वॉर्निश पांढरं पडतं, त्यामुळे कोरडा दिवस मिळेपर्यंत थांबलोय.

तोवर बेस. खडकाभोवती क्लिअर एपॉक्सीचं पाणी ओतायचंय, पातळ थरांत, कारण एकदम जाड ओतलं की तापतं आणि तडकू शकतं. पाण्याला तपकिरी-हिरवी छटा द्यायला कोणी ऑइल कलर मिसळून बघितलाय का? किती घातला की पाणी आरपार दिसायचं बंद होतं ते सांगा, आणि फोटो असतील तर तेही टाका.