तुम्ही विचारलंत म्हणून: तापतोय, तर पंखाच बदलायचा ना?

‘कॉम्प्युटर तापतो आणि मधेच हँग होतो. पंखा बदलू ना?’ असं विचारणाऱ्याला मी उलट प्रश्न विचारायला लागलो की त्याचा चेहरा पडतो. साधा प्रश्न होता, साधं उत्तर द्यायला काय होतं, असं काही जणांनी बोलूनही दाखवलंय. म्हणून एकदा सविस्तर सांगतो. मी टाळाटाळ करत नाही. दोन्ही तक्रारी एकाच मशीनच्या आहेत म्हणजे त्यांचं कारणही एकच असणार, एवढंच मला मान्य नाही.

प्रोसेसर तापला की तो काय करणार हे ठरलेलं असतं. इंटेलच्या बऱ्याच डेस्कटॉप प्रोसेसरची मर्यादा 100 अंश सेल्सिअसच्या आसपास असते, एएमडीच्या रायझन 7000 मालिकेत बहुतेकांची 95. तिथे पोचला की तो आपला वेग कमी करतो. तरीही तापमान चढतच राहिलं तर मशीन फटकन बंद पडतं. म्हणजे तो रखडतो, नाहीतर बंद होतो. पण पडद्यावरचं चित्र जागच्या जागी थांबलंय, माउस हलत नाही, कॅप्स लॉकचा दिवा लागत नाही आणि पंखे मात्र फिरतायत, तर रॅम, डिस्क, एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), ग्राफिक्स कार्ड यांच्याकडे बघावं लागतं. ग्राफिक्स कार्ड किंवा मदरबोर्डवरचा वीजपुरवठ्याचा भाग तापूनही हँग होऊ शकतं, हे कबूल. म्हणून तर मी विचारतो, की कधी होतो? गेम खेळताना, की नुसतं वाचत बसलेलं असताना?

हे विचारायची सवय मला बहिणीच्या मशीनने लावली. तिचं प्रबंधाचं लिखाण चालू होतं. रायझनचं मशीन, एसएमपीएस मात्र आधीच्या मशीनमधला. तापमान 90 च्या वर जायचं आणि दिवसातून केव्हाही सगळं थांबायचं. मी कॅबिनेट उघडलं. पंखा आणि हीटसिंकची (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याची) पाती यांच्यामध्ये धुळीची सलग गादी बसली होती, प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झाली होती. सगळं साफ केलं, पेस्ट नव्याने लावली. (हवेचा झोत मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, तो भरधाव फिरू देऊ नका.) भरपूर कामातही तापमान सत्तरीच्या वर जाईना. बहीण खूश झाली.

त्याच रात्री मशीन हँग झालं. एक पीडीएफ उघडी होती आणि ती वाचत होती, बाकी काहीही चालू नव्हतं. एका प्रकरणाचे सगळे संदर्भ गेले.

तापमानाची नोंद फाइलमध्ये होत होती. हँग होण्याआधीची शेवटची ओळ 41 अंशांची. तरीही बघणारा प्रत्येक जण म्हणायचा, अजून तापत असेल, मोठा कूलर बसवा. एका दुरुस्तीवाल्याने तर न उघडताच मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं. विंडोजच्या नोंदींमध्ये ‘कर्नल-पॉवर 41’ (इथला 41 हा नोंदीचा क्रमांक, तापमान नव्हे) दिसलं की लोक एसएमपीएसवर शिक्का मारतात, पण आधीचं शटडाउन नीट झालं नाही, यापलीकडे ती नोंद काही सांगत नाही. रॅम तपासणारी मेमटेस्ट रात्रभर चालवली, चूक सापडली नाही. डिस्कही ठीक होती. प्रोसेसरला तासन् तास राबवलं तरी मशीन ढिम्म चालू, आणि मोकळं सोडलं की थोड्या वेळात हँग. तोवर बहीण वहीत हाताने लिहायला लागली होती. एकदा म्हणाली, ‘दादा, तुला आकडे मिळतायत. मला माझं प्रकरण कधी मिळणार?’ ते मला लागलं, अजून लागतं.

काम नसताना प्रोसेसर गाढ झोपेत जातो आणि तेव्हा तो फारच थोडी वीज ओढतो. इतक्या कमी भारावर काही जुन्या एसएमपीएसना व्होल्टेज स्थिर राखता येत नाही. 2013 मध्ये इंटेलचे हॅसवेल प्रोसेसर आले तेव्हाही हाच प्रश्न निघाला होता. रायझनच्या बऱ्याच बोर्डांवर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये) ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ नावाची सेटिंग असते. ती ‘टिपिकल करंट आयडल’वर ठेवली, म्हणजे काम नसतानाही वीज फार कमी ओढली जात नाही, आणि हँग होणं थांबलं.

मग साफसफाई फुकट गेली का, असंही विचारतात. नाही गेली. तापमान नव्वदीत असताना दुसरं काही तपासताच आलं नसतं, प्रत्येक गोष्टीचं खापर उष्णतेवरच फुटलं असतं.

एकेकाळी मी ठणकावून सांगायचो की कारण हाती लागल्याशिवाय दुरुस्ती झाली असं म्हणू नये. त्या हिशेबाने मी फक्त लक्षण दाबलंय. तेव्हाच्या मला आज एवढंच विचारावंसं वाटतं, की लिहिणाऱ्या माणसाला किती दिवस थांबवून ठेवायचं? पण त्याचं म्हणणं मला खोडताही येत नाही. दोष एसएमपीएसचा, बोर्डाचा की त्या बायोसचा, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. एसएमपीएस बदलून, सेटिंग पूर्ववत करून बघितलं तरच काही कळेल, आणि प्रबंध सादर होईपर्यंत बहीण मला त्या कॅबिनेटला हात लावू देणार नाही.