तुम्ही विचारलंत म्हणून: भावकीतल्या एका मरणाची वर्दी

"पाटलाच्या घरची सून असून भावकीच्या दारात पोलीस आणायला तुमचे मन कसे धजले?" हा प्रश्न लोक मला गेली पाच वर्षे लग्नाच्या मांडवात विचारतात, एसटीच्या थांब्यावर विचारतात, आणि एकदा माहेरी माझ्या आईनेही विचारला. मी गावची पोलीस पाटील आहे, कायद्याने ते करावेच लागते, एवढेच उत्तर मी आजवर देत आले. ते खरे आहे, पण पुरेसे नाही.

"पाटलाचे घर" म्हणताना लोकांच्या मनात माझे आजेसासरे असतात. मुलकी आणि पोलीस अशा दोन्ही पाटीलक्या त्यांच्याकडे वतनाने होत्या. पोळ्याला पहिला बैल आमचा, होळीची पहिली पोळी आमची, हा मान त्या वतनाचा. १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी रद्द झाली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानंतर पोलीस पाटील हा सरकारने नेमलेला माणूस झाला. मी लेखी आणि तोंडी परीक्षा देऊन महिलांसाठी राखीव जागेवर आले, आणि माझ्या नेमणुकीच्या आदेशावर प्रांतांची सही आहे. तरीही घराण्याचा मला उपयोग झाला नाही असे मी म्हणणार नाही. लोक आपली भांडणे घेऊन माझ्याकडे आले ते वाड्याच्या पायरीची सवय होती म्हणून, आणि त्या सवयीचा आधार मी घेतला. आजेसासरे गावातले कित्येक मृत्यू गावातच मिटवीत, हे आमच्याकडे अभिमानाने सांगतात. नवी सून असताना मलाही त्यात शहाणपण दिसे, कारण घराची अब्रू राहते आणि लेकरांना कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, असे मला वाटे.

त्या दिवशी पहाटे चुलत दिरांच्या घरून बोलावणे आले, तेव्हा पावणेसहा वाजले होते. त्यांची सून गेली होती. ती तेवीस वर्षांची होती, लग्नाला चार वर्षे झाली होती, आणि मला काकी म्हणायची. झोपेतच काहीतरी झाले, असे मला सांगितले. पण तिच्या तोंडाला फेस होता आणि खोलीत फवारणीच्या औषधाचा वास कोंडलेला होता. जाऊबाईंनी माझे पाय धरले आणि तिच्या माहेरची माणसे पोचायच्या आत सगळे उरकू द्या, अशी विनवणी केली. अकस्मात किंवा संशयास्पद मृत्यूची खबर तातडीने देण्याचे बंधन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४० ने माझ्यावर घातले होते, आणि लग्नाला सात वर्षे झालेली नसताना बाई अशी गेली तर तहसीलदारांना यावे लागते, हेही मला पाठ होते. सारे पाठ असूनही मी तिथे बसले. चहा आला, तो मी घेतला. माझ्या डोळ्यांदेखत कोणीतरी त्या खोलीची फरशी पुसली आणि उशाचा तांब्या घासून पालथा घातला. फोन माझ्या हातात होता.

मग बाहेर सरपण काढणाऱ्यांपैकी कोणीतरी म्हणाले, "पाटीलबाई आत बसल्यात, आता काळजी नाही." माझे तिथे बसणे हीच परवानगी ठरत होती. मी उठले, अंगणात आले आणि ठाण्याला फोन केला.

पुढे अकस्मात मृत्यूची नोंद झाली, तहसीलदारांसमोर पंचनामा झाला, शवविच्छेदनात विष निघाले आणि गुन्हा दाखल झाला. नवरा आणि सासू काही महिने तुरुंगात राहून पुराव्याअभावी सुटले. मी हे मानधनासाठी केले असे म्हणणारे आहेत. तेव्हा मानधन महिना ६,५०० रुपये होते, २०२४ साली ते १५,००० झाले, आणि एवढ्यासाठी कोणी आपले घर उन्हात उभे करत नाही. माझे यजमान मला एका शब्दाने बोलले नाहीत. मात्र सामाईक विहिरीवरची आमची पाण्याची पाळी बंद झाली, आणि त्या उन्हाळ्यात आमचा ऊस वाळताना मी बांधावरून पाहिला. आजेसासऱ्यांचे चुकलेच, असे मला अजूनही ठामपणे म्हणता येत नाही. त्यांनी मिटवलेल्या मरणांत अशी एखादी सून होती का, हे विचारायला घरात आता कोणी उरलेले नाही.

साक्षीत मी दोन्ही वेळा खऱ्या सांगितल्या: पोचले ती पावणेसहाच्या सुमारास, आणि वर्दी दिली ती सव्वासातला. त्या दिवशी कोर्टाच्या आवारात मुलीचे वडील माझ्याजवळ आले. भावकीत पोलीस कसे आणले, असे त्यांनी विचारले नाही. "बाई, दीड तास तुम्ही काय करत होतात?" एवढेच त्यांनी विचारले, आणि हा प्रश्न मला आजवर त्यांच्याखेरीज कोणीही विचारलेला नाही. मी चहा घेतला होता, हे मला त्यांना सांगता आले नाही.