ड्रमच्या तराफ्यावर लाटेचा मार किती?

उन्हाळ्यात गोसीखुर्द किंवा अप्पर वर्धा धरणाचं पाणी मागं सरलं की मोटारपंप ड्रमच्या तराफ्यावर चढवून पाण्यामागं न्यावा लागतो. तलावात कुठल्या आल्या मोठ्या लाटा, म्हणून अँगल आणि वेल्डिंग अंदाजानंच होतं. लाटा लहान असतात, हे खरंच आहे. पण काठाजवळ त्या फुटतात, आणि सगळा घात तिथं होतो.

वारा ताशी 54 किमी, पाण्यावर त्याला 5 किमी मोकळी धाव, असं धरू. तासभर वाहिला तर लाट साधारण 54 सेंमी उठते. दोन माथ्यांत 2.6 सेकंद जातात. मे महिन्यातलं वावधन (वादळी वारा) वीस मिनिटांत ओसरलं तर 23 सेंमीच्या आसपासच.

54 सेंमीची लाट न फुटता आली तर तिच्यातलं पाणी सेकंदाला 0.65 मीटर वेगानं हलतं. 200 लिटरच्या ड्रमवर (व्यास 58 सेंमी) त्याचा तडाखा सुमारे 34 किलो. फुटली की माथ्याचं पाणी लाटेच्याच वेगानं आदळतं; खोल पाण्यातला वेग धरला तर सुमारे 4.1 मीटरनं (उथळ पाण्यात तो कमी होतो). तडाखा वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून सगळा ड्रम एकदम सापडला तर जवळपास 1.4 टन, तोही काही मिलिसेकंदच. हा पाण्याच्या तडाख्यासाठी फॉन कारमन या शास्त्रज्ञानं 1929 मध्ये मांडलेल्या गुणांकाचा (π) हिशेब. वॅग्नरच्या 1932 च्या मांडणीत तो दुप्पट होतो. 54 सेंमीची लाट साधारण 70 सेंमी पाण्यात फुटते. तराफा दीड मीटरहून उथळ पाण्यात ठेवू नये.

खात्री करायची तर 1:10 चं मॉडेल. ड्रम 5.8 सेंमी, लाट 5.4 सेंमी, आवर्तन (दोन माथ्यांतला वेळ) 0.82 सेकंद, मोजलेलं बळ हजारपट करायचं. कॉलेजांत लोडसेलला (बळ मोजणाऱ्या सेन्सरला) सर्रास एचएक्स-711 ही त्याचे सिग्नल आकड्यांत बदलणारी चिप जोडतात, आणि चूक तिथंच होते. ती सेकंदाला जास्तीत जास्त 80 नोंदी घेते, म्हणजे दोन नोंदींत 12.5 मिलिसेकंद. शिखर मधल्यामधे निसटतं आणि आलेखावर तडाखा गुळगुळीत दिसतो. सेकंदाला किमान 5,000 नोंदी हव्यात. आधी कोरड्या मॉडेलला हातोडीनं हलकं टिचकावून ते स्वतः किती वेळ थरथरतं ते बघा, नाहीतर ती थरथरच लाटेच्या नावावर जाते. तीच लाट वीसदा सोडा. दरवेळी शिखर वेगळं येतं, तेव्हा सरासरीबरोबर सर्वांत मोठा आकडाही लिहा. ड्रमखाली कोंडलेली हवा मॉडेलमध्ये प्रमाणात लहान होत नाही, म्हणून हजारपट केलेलं शिखर बहुधा जास्तच भरतं.

दोर मात्र मॉडेलमध्येही ढिला ठेवून तपासा. पाणी उतरलं की दोराला झोळ पडतो, लाट तराफा मागं नेते आणि झोळ संपताच हिसका बसतो. पहिला तुटतो तो दोर बांधलेल्या कडीचा वेल्ड. पाणी उतरेल तसा दोर आवळत राहायचा, आणि कडी एका ड्रमला न जोडता दोन्ही बाजूंच्या अँगलला बोल्टनं धरायची.